एकास पन्नास

गोपाळ मेस्त्रींच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी एक लाकडी माणूस असायचा. उंची साडेतीन सेंटिमीटरला थोडी कमी. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता माणसाचा आकार. नवा नकाशा आला की आर्किटेक्ट टेबलाशी उभा राहून आधी वीस मिनिटं 'व्हिजन' सांगायचा. मेस्त्री मान हलवत ऐकायचे, आणि ऐकता ऐकता खिशातला माणूस काढून नकाशातल्या दारात, जिन्यावर, गॅलरीत आडवा ठेवून बघायचे. एका हॉटेलच्या लॉबीत जिन्याचा कठडा त्या माणसाच्या गळ्यापर्यंत आला. आर्किटेक्ट म्हणाला, हे अजून कन्सेप्ट लेव्हलला आहे. मेस्त्री म्हणाले, "कन्सेप्ट ठीक आहे साब, पर आदमी का गला कटता है." मग माझ्याकडे वळून हळूच, "आधी माणूस उभो करूचो, मगे भिंती. ह्येंका उलटा शिकवल्यानी."

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या ज्या कंपनीत आम्ही दोघं होतो ती प्रदर्शनं उभारून द्यायची. पत्र्याची प्रचंड शेड, एका टोकाला लाकूडकाम, त्याला लागूनच छपाई आणि दुसऱ्या टोकाच्या काचेच्या खोलीत आम्ही एसीतली मंडळी. प्रतिकृतींखालचे आणि भिंतींवरचे मजकूर लिहिणं, आणि घाईच्या वेळी मशीनवर स्वतः छापणं, हे माझं काम. पुण्यात मी इतिहासात एम. ए. केलं होतं. त्याचा माझ्या नोकरीला उपयोग असा एकदाच झाला, आणि तो झाला नसता तर मला बरीच शांत झोप लागली असती.

पहिल्याच दिवशी मेस्त्रींनी मला विचारलं, "बाय, उंची किती तुमची?" मी गोंधळून पाच फूट दोन म्हटलं. "म्हणजे साडेएकतीस," ते म्हणाले आणि कामाला लागले. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती एकास पन्नास या प्रमाणात असत. खऱ्या जगातले पन्नास सेंटिमीटर म्हणजे टेबलावरचा एक. सगळ्या ऑफिसची त्यांनी अशी मिलिमीटरमध्ये नोंद केली होती. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर नबील छत्तीस होता, आणि त्याच्या आवाजावरून तो साठ असल्यासारखं वाटायचं, असं मेस्त्रींचं मत.

ते वेंगुर्ल्याजवळचे. सावंतवाडीला चितारआळीत मामाच्या हाताखाली लाकडी फळं करायला शिकले. केळी, आंबे, सीताफळं. खरं वाटून पाहुण्यानं दात लावला पाहिजे, अशी. तिथून मुंबईला फर्निचर, मुंबईहून इथे. सव्वीस वर्षं मुसफ्फातच. या काळात अबू धाबीतल्या निम्म्या टॉवर्सची लहान रूपं त्यांच्या हाताखालून गेली असतील, आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. नाव असतं ते बिल्डरचं, आर्किटेक्टचं, कधीकधी लायटिंगवाल्याचंसुद्धा. प्रतिकृतीच्या कोपऱ्यात एक पितळी पट्टी असते: प्रमाण १:५०. ती मात्र मेस्त्री स्वतःच्या हातानं कोरायचे. मशीनवर दोन मिनिटांत झाली असती. "ती माझी सही," एवढंच ते म्हणायचे. पट्टी सगळ्यात शेवटी लागायची. ती लागेपर्यंत नबील घाई करत कितीही 'यल्ला, यल्ला' म्हणत आला तरी मेस्त्रींच्या लेखी प्रतिकृती अपुरी असायची.

दोन वर्षांपूर्वी एका खासगी प्रदर्शनाचं काम आलं. विषय, जगातली जुनी बंदरं आणि व्यापारी ठाणी. पैसे एका मालवाहतूक कंपनीचे, त्यामुळे प्रदर्शनाचं नाव समुद्र माणसांना कसं जोडतो अशा अर्थाचं होतं. अशा नावांचं मला वावडं आहे. समुद्र माणसांना जोडतो तसा बुडवतोही. पण ते कोणी भिंतीवर लिहीत नाही. सगळ्यात मोठी प्रतिकृती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याची करायची होती. पोर्तुगीजांनी बांधलेला, डचांनी लढून घेतलेला, शेवटी इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. आधी सोन्यासाठी, मग माणसांसाठी. वर गव्हर्नरचं दालन आणि प्रार्थनेची जागा, खाली कोठड्या, आणि समुद्राच्या बाजूला एक अरुंद दार, ज्यातून एका वेळी एकच माणूस बाहेर पडू शकतो.

सल्लागार होत्या केतकी. पुण्याच्याच, डॉक्टरेट झालेल्या, अल रीम बेटावर माझ्याच टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या. गणपतीत आरतीला आमची गाठ पडायची. बाई हुशार, मेहनती. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. असतं तर मला ही हकीकत सांगायला फार सोपं गेलं असतं. गव्हर्नरच्या दालनातल्या पडद्यांचा रंग कोणता यावर त्यांनी तीन मीटिंगा घेतल्या. जेवणाच्या टेबलावर मेणबत्त्यांची झाडं दोन की तीन यावर हॉलंडला ईमेल गेला. मेस्त्रींनी तीन केली, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं, आणि नबीलनं त्यांचे फोटो काढून पंचवीस जणांना पाठवले.

खालच्या कोठडीबद्दल मात्र मेस्त्रींना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. नकाशावर त्या खोलीला फक्त क्रमांक होता, आणि किल्ल्याचं वर्णन 'व्यापारी ठाणं' असं. मी त्यांना मराठीत समजावताना वखार म्हटलं होतं. वेंगुर्ल्यात वलंदाजांची, म्हणजे डचांचीच, एक पडकी वखार आहे. मेस्त्री लहानपणी तिथे लपाछपी खेळलेले. वखार म्हणजे काय हे मी त्यांना शिकवायची गरज नव्हती. खाली माल, वर साहेब.

एका सकाळी मी शेडमध्ये गेले तर कोठडीत पोती लागली होती. सुबक, कापडी वाटणारी लाकडी पोती, तोंडाशी सुतळी बांधलेली. बाजूला पिंपं. एक पोतं थोडं फाटलेलं, त्यातून भुकटीसारखी बारीक मिरी सांडलेली.

"मिरी थंयसर होती काय नव्हती, ठावक नाय," मेस्त्री खुशीत म्हणाले. "पण आमच्या वखारीत होती. म्हटलं, बरी दिसात."

मी म्हटलं, "मेस्त्री, त्या खोलीत माल नव्हता."

"मग काय होता?"

"माणसं होती. पकडून आणलेली. जहाज येईपर्यंत ह्या खोलीत कोंडून ठेवायचे. कधी आठवडे, कधी महिने. मग त्या दारातून बाहेर."

त्यांनी खिशातून तो लाकडी माणूस काढला आणि समुद्राकडच्या दारात धरला. खांदे दोन्हीकडे घासले. हे दार इतकं अरुंद का, म्हणून त्यांनी नकाशा दोनदा तपासला होता हे मला नंतर कळलं.

"आमच्या वखारीतसुद्धा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वेंगुर्ल्याचं मला माहीत नाही. पण हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही डचांनी माणसं विकत नेली, एवढं नक्की.

मेस्त्री टेबलावर वाकले. चिमट्यानं एकेक पोतं उचलून काढायला लागले. मिरी शेवटी ब्रशनं झाडून घेतली. मग म्हणाले, "माणसा किती?"

माझ्याकडे जुन्या नोंदीवरून घेतलेला आकडा होता. तो मी इथे देत नाही. असे आकडे वाचणाऱ्याला काही करत नाहीत. मी ते विद्यार्थीदशेत ढिगानं वाचले, परीक्षेत लिहिले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. मेस्त्रींना मात्र तो लागला, कारण तेवढी माणसं त्यांना करायची होती.

केतकींच्या कागदावर 'बसलेल्या आकृत्या' असं लिहिलेलं होतं. मेस्त्रींनी लेथवर लांब काठ्या फिरवल्या, तुकडे पाडले, प्रत्येकाला हातानं पाठीचा बाक आणि गुडघे दिले. आठवडा गेला. मग त्यांनी ती माणसं कोठडीत बसवायला घेतली, आणि निम्म्याच्या आतच कोठडी भरली.

पुढचे तीन दिवस मेस्त्री नुसते मोजत राहिले. सव्वीस वर्षांत माप चुकलं नव्हतं, आणि आता चुकलंय, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी खोली मोजली. नकाशा मोजला. मूळ नकाशा फुटांत की मीटरमध्ये, कुठल्या देशाच्या फुटात, हे मला तीनदा विचारलं. कोठडीच्या भिंती उपटून पुन्हा बांधल्या. त्या आधीच्याच जागी आल्या. मग माणसांवर संशय घेतला. एकेक माणूस कॅलिपरमध्ये धरून मोजला. बरोबर. जेवायच्या सुट्टीतही ते डबा न उघडता त्या कोठडीवर वाकलेले दिसायचे.

"काय तरी माझ्या हातून ऱ्हवला," ते म्हणायचे. "इतक्या माणसांक ही खोली कशी पुरतली? कोण इतको येडो?"

मी त्यांना सांगू शकले असते. पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. पण मलाही, इतकं वाचून, ती गोष्ट डोळ्यांसमोर आलेली नव्हती. मी नोंद पुन्हा काढली, आकडा पुन्हा बघितला आणि तोच आहे म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी त्यांनी नवी माणसं केली. उभी. हात अंगाला चिकटलेले, खांद्याला खांदा. ती सगळी मावली, अगदी काठोकाठ. शेवटचा माणूस चिमट्यानं जागा करून आत घालावा लागला. मग मेस्त्री स्टुलावर बसले. "माप बरोबर होता," ते म्हणाले. त्यात आनंद नव्हता. थोड्या वेळानं, "ही झोपत कशी असतील?"

माझ्यातली एम. ए. अशा वेळी गप्प बसत नाही. मी म्हटलं, "तुमच्या कॅम्पवरही थोडं असंच नाही का, मेस्त्री?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. कंपनीच्या कामगारांच्या इमारतीत सहा जणांच्या खोलीत ते राहायचे, हे मला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं.

"नाय बाय," ते म्हणाले. "तशी सर करू नका. माझ्या खोलीत सहा खाटी आसत, एक मोरी आसा, तीन जण घोरतत. पण कडी आतून लागता. मी सही करून इलंय आणि तिकीट काढून घराक जातंय. माका त्येंच्यात बसवलात तर त्येंचा सोसलेला कमी होता." मग जरा नरमून, "तुमका चांगला बोलूचा होता, ठावक आसा माका."

माझी पंचाईत अशी की ते बरोबर होते, आणि मी माझं ते कॅम्पचं वाक्य भिंतीवरच्या मजकुरात घालायचं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

मंजुरीची मीटिंग शेडमध्येच झाली. नबील, केतकी, मी आणि मेस्त्री. नंतर ती आठवताना मला एक गोष्ट सारखी टोचते. त्या टेबलाभोवती युरोपियन एकही नव्हता. गुलामांचा व्यापारी नव्हता, गव्हर्नर नव्हता. तीन मराठी माणसं आणि बैरुतचा एक दमलेला गृहस्थ.

केतकींनी गव्हर्नरचं दालन पाहून टाळ्या वाजवल्या. मग वरचा मजला उचलला, खाली बघितलं आणि गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "हे व्हिज्युअली फार हेवी होतंय. शाळेची मुलं येणार आहेत. आणि स्पॉन्सर आधीच नर्व्हस आहे. त्याला हा किल्लाच नको होता, मी भांडून ठेवलाय. आता हे बघितलं ना, तर पूर्ण मॉडेलच काढतील."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"कमी करू. बारा ठेवू. बसलेले. लोकांना कल्पना आली म्हणजे झालं. मेस्त्रीकाका, तुम्ही इतकं सुंदर केलंय ना, पण लेस इज मोअर."

नबीलला मराठी कळत नव्हतं, पण बाराचा आकडा बोटांवर कळला. "ट्वेल्व्ह. खलास," तो म्हणाला. "मेस्त्री, हबीबी, मुश्किल क्या है? काम तो कम हो गया!"

मेस्त्री उभे होते. मीटिंगमध्ये ते बसत नसत. "मॅडम," ते केतकींना म्हणाले, "बारा ठेवूची तर ठेवा. तुमचा काम आसा. पण मगे खोली बारा माणसांची करा. एवढी बारकी."

"म्हणजे? खोली कशी बदलणार? खोली ऐतिहासिक आहे."

"माणसा पण ऐतिहासिकच आसत."

केतकी हसल्या, कारण दुसरं काय करणार. "अहो काका, रिप्रेझेंटेशन असतं हे. सगळंच थोडी मोजून दाखवतात?"

"मेणबत्त्यो मोजलास," मेस्त्री म्हणाले.

नबीलनं घड्याळ बघितलं. मी मधे पडून म्हटलं की निदान उभी ठेवू, निदान अर्धी ठेवू. मी 'निदान' हा शब्द त्या दिवशी इतक्या वेळा वापरला की शेवटी माझ्याकडे दुसरं काही उरलंच नाही. बारा ठरले.

मेस्त्रींनी हुकूम पाळला. माणसं काढली, बारा ठेवली, ऐसपैस बसवली. वर गव्हर्नर, मेणबत्त्या, पडदे. फक्त कोपऱ्यात पट्टी लावली नाही. नबीलनं विचारलं तेव्हा म्हणाले, "वो स्केल में नहीं है साब. मैं कैसे लगाऊँ?" नबीलनं समजावलं, ओरडला, इन्शाल्ला उद्यापर्यंत लागेल म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही लागली नाही. शेवटी छपाईच्या मशीनवरून पितळेसारखा दिसणारा चिकटपट्टीचा तुकडा छापून आला, 'प्रमाण १:५०' असं इंग्रजीत लिहिलेला, आणि नबीलनं तो स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बसवला. पाच फुटांवरून फरक कळत नव्हता.

मजकुराचीही हीच गत. मी लिहिलं होतं, 'येथे माणसांना कोंडून ठेवत.' चार ईमेलांनंतर त्याचं झालं, 'येथे लोकांना जहाजावर चढण्यापूर्वी ठेवण्याची व्यवस्था होती.' प्रत्येक ईमेलमध्ये माझे आभार मानलेले होते. मी चौथ्याला 'ओके' लिहिलं. पहिल्या तिघांना लांबलचक, संदर्भ देऊन उत्तरं लिहिली होती. ती अजून माझ्याकडे आहेत आणि फार चांगली लिहिली आहेत.

उद्घाटनाला कारागिरांना बोलावण्याची पद्धत नाही. नंतरच्या एका रविवारी मी मेस्त्रींना गाडीतून घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, खिशात पेन्सिल नाही. दारातल्या उंचच उंच फलकाकडे बघून म्हणाले, "ह्यो एकास एक दिसता." बाकी दालनं त्यांनी भराभर पाहिली. कोणाच्या सांध्यात फट आहे, कुठे रंगाचा ओघळ आलाय, एवढंच बोलत. मग आम्ही किल्ल्यापाशी आलो.

काचेचा डबा नव्हता, फक्त दोरी होती. वरचा मजला एका बाजूला सरकवून ठेवलेला, म्हणजे खालची कोठडी दिसावी. एक कुटुंब आलं, मुलीनं मेणबत्त्यांचा फोटो काढला, पुढे गेलं. सुरक्षा रक्षक नेपाळचा, विशीतला, कंटाळलेला. मेस्त्रींना इतका वेळ एकाच जागी उभं पाहून तो जवळ आला.

"बढ़िया है ना?" तो म्हणाला.

"मैंने बनाया," मेस्त्री म्हणाले.

"सच? सब?"

"सब नहीं."

रक्षकानं आदरानं पुन्हा प्रतिकृतीकडे बघितलं. खालची पाटी ओठ हलवत वाचली. ठेवण्याची व्यवस्था. मग कोठडीतल्या बारा जणांकडे बघितलं, पाय पसरून, एकमेकांपासून सोयीस्कर अंतरावर बसलेल्या.

"अच्छा," तो म्हणाला. "वेटिंग रूम."

त्याची काहीच चूक नव्हती. ती पाटी वाचून आणि ती खोली बघून दुसरं काहीही म्हणणं शक्य नव्हतं. मी पाटी लिहिली होती आणि मेस्त्रींनी खोली केली होती, आणि आम्ही दोघं तिथे उभे होतो.

मेस्त्री दोरीवरून वाकले. रक्षक म्हणाला, "भाईसाब, टच नहीं करना." मेस्त्री म्हणाले, "साफ करता हूँ," आणि त्यांनी अंगठ्याच्या नखानं ती सोनेरी चिकटपट्टी एका कडेनं उचलली. त्यांचं नख लाकडाचं काम करून दगडासारखं झालेलं. पट्टी एका दमात निघाली. त्यांनी तिची गोळी केली आणि खिशात टाकली. रक्षकाला वाटलं, खरंच काही कचरा होता. त्यानं थँक्यू म्हटलं.

 परतताना गाडीत मुसफ्फाचा पूल ओलांडल्यावर मेस्त्री म्हणाले, "बाय, माझा काम मी केलंय. खोटा प्रमाण काढून टाकलंय. आता तुमच्या पाटीत एक ओळ घाला. बाकी काय बदलू नका. एकच ओळ, की ह्या खोलीत हेच्यापेक्षा खूप माणसा होती, बसाक पण गावत नव्हता."

"घालते," मी म्हटलं.

"घालतास ना?"

"लिहिते, मेस्त्री. शब्द देते."

त्याच आठवड्यात मी ईमेल पाठवला. ओळ नीट तयार केली, कोणाला लागू नये अशी, आणि तरी खरी. केतकींचं उत्तर आलं, मुद्दा अगदी योग्य आहे, पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू. पुढची आवृत्ती नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी दोनदा आठवण केली. आरतीला भेटल्या तेव्हा त्यांनीच विषय काढला, म्हणाल्या, अगं माझ्या मनात आहे ते. मग प्रसाद आला.

प्रदर्शन दोन महिने चाललं. प्रमाणाची पट्टी गेली हे नबीलच्या लक्षात आलं नाही, केतकींच्या आलं नाही, हॉलंडच्या ईमेलवाल्यांच्याही नाही. हजारो माणसं त्या किल्ल्यापुढून गेली असतील. याचं प्रमाण काय, असं कोणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. मेस्त्री मधूनमधून विचारायचे, "कोण काय म्हणालो?" मी नाही म्हणायचे. आधी त्यांना पकडले जाण्याची भीती असेल असं मला वाटलं. नंतर कळलं की ते वाट बघत होते.

वर्षअखेरीस त्यांचा व्हिसा संपत होता. वय झालं होतं, कंपनीनं वाढवायचा नाही असं ठरवलं. किल्ल्याच्या प्रकरणाशी याचा संबंध नव्हता. असता तर निदान कोणीतरी त्या प्रकरणाची दखल घेतली, असं तरी म्हणता आलं असतं. निरोपाला केक आणला, नबीलनं त्यांना मिठी मारली आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. भाषणात तो म्हणाला, मेस्त्रीनं सव्वीस वर्षांत एकदाही मला 'नो' म्हटलं नाही. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी केककडे.

नंतर ते आपली हत्यारं एका पेटीत भरत होते. लेथ कंपनीचा, पटाशा त्यांच्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. तोवर प्रदर्शन उठलं होतं आणि किल्ला कुठल्यातरी गोदामात गेला होता.

"बाय," पटाशीची धार फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "ती ओळ लिवलास?"

"लिहिली ना. लगेच लिहिली. त्याच आठवड्यात."

"लागली?"

"नाही लागली, मेस्त्री. मी पाठवली होती. तीनदा पाठवली. त्यांनी—"

त्यांनी हातानं थांबवलं. रागावले नव्हते. एखादा सांधा नीट बसला नाही की ते जसे त्याच्याकडे बघत, तसे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान मागे वळवली. त्यांच्या टेबलामागे सहा पावलांवर छपाईचं मशीन होतं. कोणीतरी चालू ठेवलेलं, हिरवा दिवा लागलेला. वर्षभर ते तिथेच होतं. एक ओळ छापायला त्याला मिनिट लागत नाही, आणि ते चालवायला माझ्याएवढं ऑफिसात कोणाला येत नव्हतं.

"मगे लिवलंय म्हणू नका," मेस्त्री म्हणाले. "पाठवलंय म्हणा."

त्यांनी पेटीला कुलूप घातलं, कंपनीची बस हॉर्न देत होती म्हणून घाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले.